हॅम व्हायला मोर्स कशाला? परीक्षेतल्या डॉट-डॅशची गोष्ट

हॅम रेडिओकडे, म्हणजे परवाना घेऊन करायच्या हौशी रेडिओकडे, वळणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘ते डॉट-डॅश शिकावंच लागतं का?’ डॉट-डॅश म्हणजे मोर्स, आखूड-लांब आवाजांनी अक्षरं पाठवायची पद्धत. भारतापुरतं उत्तर सोपं आहे. २००९ च्या दुरुस्ती नियमांनी आपल्याकडे परवान्याच्या दोन ग्रेड ठेवल्या. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही. जनरल ग्रेडला लागतं, मिनिटाला आठ शब्द या वेगाने. अमेरिका, ब्रिटन, जर्मनीत तर कुठल्याच ग्रेडला मोर्सची परीक्षा उरलेली नाही.

मग वाद कसला? वाद असा की आपल्याकडची जनरलची अट ठेवावी की काढावी, आणि ज्यांनी काढली त्यांनी घोडचूक केली की शहाणपण. हॅम मंडळींमध्ये या विषयावर जितकी भांडणं झाली तितकी बहुधा अँटेनावरूनही झाली नसतील. दोन्ही बाजूंनी खरे मुद्दे आणि नुसतं प्रेम एकमेकांत इतकं गुंतलेलं असतं की नव्या माणसाला काहीच कळत नाही. म्हणून ते सुटं करून बघू. माझं मत लपवत नाही: मोर्स जरूर शिकावं, पण परवान्याच्या परीक्षेत ते नसावं.

परीक्षा असतेच कशासाठी

मोबाइल वापरायला परीक्षा नाही, वायफायला नाही, मग हौशी रेडिओलाच का? कारण हौशी परवानाधारकाला एक विलक्षण मोकळीक असते. तो ट्रान्समीटर स्वतःच्या हाताने बनवून हवेत सोडू शकतो. इतर जवळजवळ सगळ्या सेवांमध्ये यंत्र कारखान्यात तपासून, मंजूर होऊन येतं आणि वापरणाऱ्याने फक्त बटण दाबायचं असतं. हॅम मात्र सोल्डरिंग गन घेऊन बसतो. त्याने फिल्टर चुकवला तर ७ मेगाहर्ट्झवर बोलताना त्याचा आवाज १४ आणि २१ वरही उमटतो. त्यातून लघुलहरी आयनांबरावरून (वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परावर्तित होतात, म्हणजे साताऱ्यात बसून केलेला गोंधळ ऑस्ट्रेलियात ऐकू जाऊ शकतो.

म्हणून परीक्षा. या माणसाच्या हातात ट्रान्समीटर दिला तर तो दुसऱ्याच्या कामात अडथळा आणणार नाही ना, स्वतःला आणि शेजाऱ्याला इजा करणार नाही ना, एवढं तपासायला. ही कसोटी लक्षात ठेवा, कारण पुढे प्रत्येक मुद्दा तिच्यावरच घासून बघायचा आहे.

मोर्सची परीक्षा नेमकी कशी असते

मोर्समध्ये मोजमापाचं एकच एकक असतं, एका डॉटचा वेळ. डॅश तीन डॉटएवढा. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमधलं अंतर एक डॉट, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. वेग मोजायला ‘पॅरिस’ हा इंग्रजी शब्द प्रमाण मानतात, कारण शेवटच्या मोकळ्या जागेसकट तो बरोबर ५० डॉटचा भरतो. मिनिटाला आठ शब्द म्हणजे मिनिटाला ४०० डॉट. एक डॉट १५० मिलिसेकंदांचा. परीक्षेत पाच अक्षरांचा एक शब्द धरतात, तेव्हा साधारण दर दीड सेकंदाला एक अक्षर येतं.

दीड सेकंद ऐकायला भरपूर वाटतात. पण कानाला हेडफोन, समोर कोरा कागद, आणि सलग पाच मिनिटं ती बारीक शिट्टी सुरू. मध्येच ‘डि-डि-डा-डिट’ येतं. हे एफ की एल? एल म्हणजे ‘डि-डा-डि-डिट’, म्हणजे हा एफ. तेवढ्या विचारात पुढची दोन अक्षरं निघून गेलेली असतात. ती आठवत बसलात की आणखी चार जातात. सराव झालेला उमेदवार अडलेल्या अक्षराच्या जागी रेघ मारतो आणि पुढे जातो. सुटलेल्या अक्षराचा शोक करायचा नाही, ही मोर्सची पहिली शिस्त.

मग पाठवायची पाळी. मोर्सची ‘की’, म्हणजे डॉट-डॅश वाजवायचं बटण, टेबलावर नीट बसलेली नसते, मनगट ताठ झालेलं असतं, आणि घाईत डॅश आखूड पडतो. ‘डा-डिट’ म्हणजे एन. त्यातला डॅश आखडला की ऐकणाऱ्याला दोन डॉट ऐकू येतात आणि एनचा आय होतो. टी आखडला तर ई. परीक्षकाला तुमच्या मनातलं काय कळणार, तो ऐकलं तेच मोजणार.

आपल्या १९७८ च्या नियमांत तर पायऱ्या याहून जास्त होत्या. ग्रेड-२ ला मिनिटाला पाच शब्द, ग्रेड-१ आणि ॲडव्हान्स्डला बारा. ग्रेड-२ वाल्याला ३० मेगाहर्ट्झच्या खाली आवाजात बोलायची परवानगी हवी असेल, तर आधी मोर्समध्ये शंभर संपर्क केल्याचा पुरावा द्यावा लागे. आज साठी-सत्तरीत असलेले, व्हीयू२ने सुरू होणाऱ्या कॉलसाइनचे (परवान्याबरोबर मिळणाऱ्या हवेतल्या नावाचे) जुने हॅम ‘आमच्या वेळी’ म्हणतात त्याला हा संदर्भ आहे, आणि त्यांचा अभिमान काही पोकळ नाही.

अट आली तेव्हा ती योग्यच होती

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेडिओ म्हणजे मोर्सच. तारघरातलं ‘कट्ट कडकट्ट’ बिनतारी झालं, एवढाच फरक. १९१२ साली टायटॅनिक बुडाली, त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून लहान लहरींच्या पट्ट्यात ढकललं. त्या लहरी कुचकामी आहेत असा तेव्हाचा समज. हौशी लोकांनी तिथूनच नोव्हेंबर १९२३ मध्ये अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांमध्ये दुतर्फा संपर्क साधला, आणि मग मात्र सगळ्यांना त्या लहरी हव्याशा झाल्या.

१९२७ च्या वॉशिंग्टन आंतरराष्ट्रीय परिषदेत नियम ठरला की हौशी परवानाधारकाला मोर्स पाठवता आणि कानाने वाचता आलं पाहिजे. कारण अगदी व्यवहारी होतं. जहाजं, किनारी केंद्रं, लष्कर सगळे मोर्सवर. एखादं जहाज संकटात आहे आणि एक हौशी माणूस त्याच्या शेजारी बडबड करतोय, तर किनारी केंद्र त्याला मोर्समध्येच ‘क्यूआरटी’ म्हणजे ‘प्रक्षेपण थांबवा’ असं सांगणार. ज्याला ते वाचता येत नाही तो माणूस धोकादायक. म्हणजे आपल्या कसोटीवर ही अट शंभर टक्के उतरत होती. शिवाय युद्ध झालंच तर तयार तारयंत्री मिळतात, हा सरकारांचा हिशेब होताच.

पुढे हळूहळू अट आकसत गेली. १९४७ मध्ये ती १००० मेगाहर्ट्झच्या खालच्या सगळ्या पट्ट्यांना लागू होती. १९५९ मध्ये ही मर्यादा १४४ वर आली, १९७९ मध्ये ३० वर. म्हणजे ३० च्या वरच्या, स्थानिक गप्पांच्या व्हीएचएफला मोर्स नको, पण ३० च्या खालच्या, जगभर पोचणाऱ्या एचएफला हवं. जो भाग सीमेपलीकडे जातो तिथेच ती सामाईक भाषा गरजेची, हा त्यातला तर्क.

मग ती सामाईक भाषाच बाजूला झाली. ३१ जानेवारी १९९७ ला फ्रेंच नौदलाने मोर्सवरचा आपला शेवटचा संदेश पाठवला. ‘सर्वांना पुकार. अनंत शांततेपूर्वीची ही आमची शेवटची हाक’ अशा अर्थाचा. १ फेब्रुवारी १९९९ ला जहाजांसाठी जीएमडीएसएस ही उपग्रह आणि डिजिटल यंत्रणेवर चालणारी संकटसूचना पद्धत पूर्णपणे लागू झाली. त्या दिवसानंतर हौशी माणसाला मोर्समध्ये ‘थांब’ म्हणणारा कुणी उरलाच नाही. अटीचं मूळ कारण तिथे संपलं. त्यानंतर जे दिलं गेलं ते समर्थन, कारण नव्हे.

जिनिव्हात २००३ साली झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेने हे मान्य केलं. तिने मोर्सवर बंदी घातली नाही, हे अनेकांना माहीत नसतं. ‘मोर्सची परीक्षा घ्यायची की नाही हे ज्या त्या देशाने ठरवावं’ एवढंच म्हटलं. स्वित्झर्लंड आणि ब्रिटनने त्याच जुलैमध्ये अट काढली, जर्मनीने ऑगस्टमध्ये.

अमेरिकेत काय झालं

अमेरिकेचं उदाहरण जरा सविस्तर बघण्यासारखं आहे, कारण भीती आणि वास्तव दोन्ही तिथे मोजता येतात. तिथे नोव्हिसला पाच, जनरलला तेरा, एक्स्ट्राला वीस शब्द असा जिना होता. १९९१ मध्ये टेक्निशियन ग्रेडचं मोर्स गेलं. एप्रिल २००० मध्ये सगळ्या ग्रेडला एकच पाच शब्दांचा वेग झाला. २३ फेब्रुवारी २००७ पासून शून्य. आज तिथे मोर्सचा एक डॉटही न शिकता एक्स्ट्रा ग्रेड घेऊन १५०० वॉटवर प्रक्षेपण करता येतं.

विरोधकांचं भाकीत होतं की आता हॅम बँडचा सीबी रेडिओ होणार. सत्तरच्या दशकात अमेरिकेत ट्रकवाल्यांच्या सिटिझन्स बँडवर जी शिवीगाळ आणि बेबंदशाही माजली होती, तिची धास्ती सगळ्यांच्या मनात होती. तसं घडलं नाही. मूर्ख लोक बँडवर आहेत, पण ते वीस शब्दांच्या काळातही होतेच. कर्कश भांडणारे काही आवाज तर जुन्या, मोर्स पास झालेल्या परवान्यांचेच असतात. मोर्स आलं की सभ्यता येते, असं काही दिसत नाही.

परवानाधारकांची संख्या २००७ च्या सुमारास साडेसहा लाखांच्या आसपास होती, ती पुढच्या काही वर्षांत सात लाखांच्या वर गेली. सगळं श्रेय मोर्सची अट काढण्याला देणं घाईचं होईल, पण छंद मेला नाही हे नक्की.

आणि खुद्द मोर्सचं काय झालं? हा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. सक्ती गेल्यावर मोर्सप्रेमींनी शिकवायची जबाबदारी स्वतःवर घेतली. २०१० मध्ये सीडब्ल्यूऑप्स (सीडब्ल्यू म्हणजे हॅमच्या बोलीत मोर्स) हा क्लब निघाला आणि त्याची सीडब्ल्यू अकादमी ऑनलाइन वर्ग फुकट घेऊ लागली. २०१८ मध्ये लाँग आयलंड सीडब्ल्यू क्लब निघाला, तिथेही व्हिडिओवरून शिकवणीच. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्डवाइड सीडब्ल्यू स्पर्धा असते, तेव्हा ७ मेगाहर्ट्झचा खालचा भाग ऐकून बघा. सुई शिरायला जागा नसते. त्यातल्या किती जणांना परीक्षेने तिथे ढकललं असेल?

‘संकटात मोर्सच कामी येतं’

हा सर्वात भावनिक आणि सर्वात जास्त ऐकू येणारा मुद्दा. आपल्याकडचं ठळक उदाहरण डिसेंबर २००४ चं. दिल्लीच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरहून व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनवर हौशी मोहीम चालवत होते. अंदमानातून हॅम रेडिओ ऐकू येणं ही जगभरच्या हॅमसाठी पर्वणी, त्यामुळे रांगा लागल्या होत्या. २६ तारखेला भूकंप आणि त्सुनामी आली, दळणवळण कोसळलं, आणि त्याच सेटवरून मुख्य भूमीशी संपर्क, नातेवाइकांची ख्यालीखुशाली, मदतीचे निरोप सुरू झाले.

हे काम मुख्यतः माइकवर बोलून झालं. आणि ते साहजिक आहे. मदतकार्यात तहसीलदाराला, डॉक्टरला, पोलिसाला माइक हातात घेऊन स्वतः बोलायचं असतं. नावं, औषधं, गावं सांगायची असतात. आजकाल व्हीएचएफ हँडसेट आणि डिजिटल संदेश यांचा भरही मोठा असतो. मोर्स तिथे निरुपयोगी नाही. बॅटरी संपत आली आहे, अँटेना म्हणजे झाडावर टाकलेली वायर आहे, अशा वेळी मोर्स येणारा माणूस लाखमोलाचा. पण ‘टोळीत एकाला यायला हवं’ आणि ‘प्रत्येकाला परवान्यापूर्वी यायलाच हवं’ यांत बरंच अंतर आहे.

‘कमी ताकदीत लांब जातं’

हे निर्विवाद खरं आहे, आणि का खरं आहे ते समजून घेण्यासारखं आहे. रेडिओतली खरखर सगळ्या फ्रिक्वेन्सींवर साधारण सारखी पसरलेली असते. तुमचा रिसीव्हर जितका रुंद पट्टा ऐकतो तितकी जास्त खरखर तो आत घेतो. एसएसबी या नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या आवाजाला साधारण २५०० हर्ट्झ लागतात. मोर्सचं काम २५० हर्ट्झच्या फिल्टरमध्ये आरामात भागतं. पट्टा एक दशांश, म्हणून खरखरही एक दशांश, म्हणजे १० डेसिबलचा फायदा. सोप्या हिशेबाने मोर्सचे दहा वॉट बोलण्याच्या शंभर वॉटच्या तोडीचे. वर प्रशिक्षित कान त्या २५० हर्ट्झमधूनही एकच सूर वेगळा काढतो, तो फायदा निराळा. सह्याद्रीत पाच वॉटचा सेट पाठीवर घेऊन जाणाऱ्याला हे गणित कुणी समजवावं लागत नाही.

पण २०१७ मध्ये एफटी८ हे संगणकाने संदेश पाठवायचं तंत्र आलं. ते तयार करणाऱ्या दोघांपैकी एक जो टेलर, १९९३ चे भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते. एफटी८ फक्त ५० हर्ट्झ घेतं, १५ सेकंदांच्या ठरलेल्या वेळांमध्ये आळीपाळीने पाठवतं, आणि कानाला जिथे नुसती खरखर ऐकू येते तिथूनही संगणकाला संदेश काढून देतं. क्षीण संदेश पोचवण्याच्या शर्यतीत मोर्स आता पहिलं नाही. गप्पा मारायला मात्र एफटी८ अगदीच रुक्ष. कॉलसाइन, ठिकाणाचा कोड, सिग्नलचा आकडा, ७३ (म्हणजे शुभेच्छा), संपलं. मोर्सवर निदान समोरच्याच्या गावात पाऊस आहे की नाही ते कळतं.

‘मोर्सचा सेट स्वस्तात बनतो’ हेही खरं. अगदी मोजक्या भागांत ७ मेगाहर्ट्झचा ट्रान्समीटर-रिसीव्हर होतो. पण आपल्याच देशात, हैदराबादच्या अशर फरहान यांनी बाजारात सहज मिळणाऱ्या भागांतून बीआयटीएक्स हा आवाजाचा सेट बनवून दाखवला, आणि तो जगभरच्या हौशींनी घरी जोडला. ‘गरिबाला मोर्सच परवडतं’ हा युक्तिवाद तेव्हापासून लंगडा झाला.

आठ शब्द हाच वेग चुकीचा

परीक्षेविरुद्धचा माझ्या मते सगळ्यात भक्कम मुद्दा खुद्द मोर्सप्रेमींच्या बाजूचा आहे, आणि तो फारसा कुणी मांडत नाही.

मेंदू मोर्स दोन तऱ्हांनी शिकतो. पहिली तऱ्हा म्हणजे तक्ता पाठ करणे. डॉट-डॅश मोजायचे, मनातल्या तक्त्यात शोधायचे, अक्षर लिहायचे. दुसरी तऱ्हा म्हणजे पूर्ण अक्षराचा नाद ओळखणे. आपण ‘क’ ऐकताना त्याचे तुकडे करत नाही, तसं. पाच-आठ शब्दांच्या वेगाला तक्त्याची पद्धत जेमतेम पुरते, म्हणून परीक्षेची घाई असलेला उमेदवार तीच धरतो. पण दहा शब्दांच्या आसपास ती कोलमडते. मोजायला वेळच उरत नाही. मग तिथे भिंत लागते, कितीही घोटलं तरी वेग हलत नाही, आणि पुढे जायचं तर शिकलेलं मोडून दुसऱ्या तऱ्हेने पुन्हा सुरू करावं लागतं.

१९३० च्या दशकात लुडविग कोख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला होता. त्याची पद्धत उलटी. पहिल्या दिवसापासून अक्षरं पूर्ण वेगाने ऐकवायची, पण फक्त दोनच. दहातली नऊ बरोबर आली की तिसरं जोडायचं. फार्न्सवर्थ पद्धतीत अक्षर वेगानेच वाजतं, फक्त अक्षरांमधली मोकळी जागा वाढवतात. दोन्हींत मेंदूला मोजायची संधीच मिळत नाही. आज चांगले शिकवणारे असंच शिकवतात.

म्हणजे कमी वेगाच्या परीक्षेने काय साधलं? हजारो लोकांनी चुकीच्या तऱ्हेने मोर्स घोकलं, पास झाले, आणि की कपाटात ठेवून दिली. आठ शब्दांवर खरा संवाद रखडतो. कॉलसाइन, सिग्नल, नाव, गाव एवढं सांगेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात आणि समोरचा कंटाळतो. ज्या पातळीला मोर्सची मजा सुरू होते, तिच्या बऱ्याच खाली परीक्षा थांबते. मोर्स जिवंत ठेवायचं म्हणून परीक्षा हवी म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

भारतातली विसंगती

आता आपल्या नियमाकडे. रिस्ट्रिक्टेडवाला व्हीयू३ आणि जनरलवाला व्हीयू२ दोघेही लघुलहरींवर बोलू शकतात. सकाळी ७ मेगाहर्ट्झवर ‘नेट’, म्हणजे हॅम मंडळींची ठरलेल्या वेळची हवेतली बैठक, ऐका, व्हीयू३ मंडळी खुशाल गप्पा मारताना सापडतील. फरक मुख्यतः ताकदीत. रिस्ट्रिक्टेडला ५० वॉट, जनरलला ४०० वॉटपर्यंत. जनरलचा लेखी पेपर थोडा जड असतो, पण उमेदवार अडखळतात ते मोर्सपाशी.

५० वरून ४०० वर जाताना धोका कशाचा वाढतो? अँटेनाजवळच्या रेडिओ ऊर्जेचा, ताकद वाढवणाऱ्या लिनिअर ॲम्प्लिफायरमधल्या उच्च विद्युत दाबाचा, अर्थिंग नीट नसल्याचा, शेजाऱ्याच्या टीव्हीत घुसणाऱ्या ढवळाढवळीचा. या चारांपैकी एकाचाही मोर्सशी संबंध नाही. जास्त ताकद मागणाऱ्याकडून जास्त ज्ञान मागावं, हे तत्त्व बरोबर. पण मागतोय काय, तर दीड सेकंदाला एक अक्षर ओळखून दाखव. पाट्यावर वाटलेल्या चटणीची सर मिक्सरमधल्या चटणीला नाही हे मान्य, पण गॅस कनेक्शन देताना कुणी ‘आधी पाट्यावर वाटून दाखवा’ म्हणत नाही. तिथे रेग्युलेटर बंद करता येतो का, हेच बघावं लागतं.

‘मोर्स ही गाळणी आहे, ती हौशे-गवशे बाजूला करते’ असंही म्हणतात. गाळते हे खरं, पण कुणाला गाळते ते बघा. मुंबई-पुण्यात क्लब आहेत, शिकवणारे आहेत, मुंबईत तर बोरिवलीला गोराई रोडवर रेडिओवर नजर ठेवणारं सरकारी मॉनिटरिंग स्टेशनच आहे. गडचिरोलीतल्या किंवा कणकवलीतल्या मुलाला हे काहीच हाताशी नाही. ज्याला ऐकू कमी येतं त्याचं तर बोलणंच नको. आणि जो खरा उपद्रवी आहे, त्याला गाळणीची काळजीच नसते. तो परवान्याच्या वाटेलाच जात नाही, बाजारातून वॉकीटॉकी आणतो आणि सुरू करतो.

एक गोष्ट जुन्या लोकांच्या बाजूने कबूल करायला हवी. मोर्सने माणूस ऐकायला शिकतो. आधी ऐकायचं, फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का बघायचं, मग की दाबायची. ही सवय नव्या माइकवाल्यांत कमी दिसते, हे खरं आहे. पण तिचा इलाज ऑपरेटिंगची परीक्षा हा आहे. नेटवर चेक-इन कसं करायचं, पाइलअपमध्ये (एकाच स्टेशनला अनेक जण एकदम हाका मारतात तेव्हा) केव्हा गप्प बसायचं, संकटाचा संदेश आला तर काय करायचं, हे प्रात्यक्षिकात विचारा. सध्या मोर्सला जाणारा वेळ तिथे कामी येईल.

तरीही शिकायचं असेल तर

परीक्षेबाहेर मोर्स अजून बऱ्याच ठिकाणी भेटतं. विमानांना दिशा दाखवणारी व्हीओआर केंद्रं आपली ओळख मोर्समध्ये सांगत असतात. मुंबई विमानतळाच्या केंद्राची ओळख बीबीबी, म्हणजे ‘डा-डि-डि-डिट’ तीनदा. वैमानिकाच्या नकाशावर ते डॉट-डॅश छापलेले असतात, म्हणून त्यालाही पाठ करावं लागत नाही. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘प्रथम’ नावाचा उपग्रह सप्टेंबर २०१६ मध्ये अवकाशात गेला, तेव्हा त्याचा बीकन, म्हणजे पुन्हा पुन्हा पाठवायचा ओळखसंदेश, मोर्समध्येच होता. साधा रिसीव्हर आणि कान एवढ्यावर तो ऐकता यावा, हा त्यातला फायदा.

सुरुवात करायची तर तक्ता भिंतीवर लावू नका. कोख पद्धतीची मोफत संकेतस्थळं आणि ॲप आहेत. त्यांत पहिली दोन अक्षरं बहुधा के आणि एम असतात, ‘डा-डि-डा’ आणि ‘डा-डा’. अक्षराचा वेग वीस शब्दांवर ठेवा, मधली मोकळी जागा हवी तेवढी वाढवा. रोज पंधरा मिनिटं पुरतात, रविवारी सलग दोन तास बसून फायदा होत नाही. पाठवायला मात्र घाई करू नका. आधी कान तयार होऊ द्या, नाहीतर स्वतःचाच चुकलेला डॅश बरोबर वाटायला लागतो.

आणि परवाना हवा असेल तर मोर्ससाठी अडून बसू नका. रिस्ट्रिक्टेडचा अर्ज करा, ५० वॉटवर बोलायला लागा. नियमांत बदल होत असतात, तेव्हा अर्जाआधी दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर ताजी अट वाचा. पोलीस पडताळणीला वेळ लागतो. तेवढ्या अवधीत के आणि एमच्या पुढे बरीच अक्षरं होतील.